सहावं मत

प्रिय दादा,

आज मी वहिनीला एक गोष्ट सांगून आले. ती खरं तर तुला सांगायची होती. तू होतास तेव्हा सात-आठ वेळा तरी जिभेवर आली आणि प्रत्येक वेळी मी गिळली. आता तुला जाऊन दोन वर्षं झाली आणि तुझ्या आधी ती दुसऱ्यांना कळली, याची लाज वाटते रे. म्हणून बसलेय लिहायला. तूच म्हणायचास ना, कमळीचं अक्षर तलाठ्यापेक्षा चांगलं आहे!

आधी आनंदाची बातमी. आपल्या वनिताचं ठरलं! मुलगा पनवेलकडचा, तळोज्याच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. उंच आहे, कमी बोलतो. बघायला आला तेव्हा वनिताने त्याला सरळ विचारलं, "लग्नानंतर मला बी.कॉम. पूर्ण करू द्याल का?" तो म्हणाला, "मीच फी भरायला येईन." वहिनी आतल्या खोलीत जाऊन रडली. तुझ्या फोटोसमोर नाही, पिठाच्या डब्याजवळ. तिचं रडणं तुला माहीतच आहे, कुणी बघू नये म्हणून कामाचं निमित्त काढते.

परवा तिने मला आवतणाची यादी लिहायला बोलावलं. गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली. ती घर सांगत गेली, मी नाव लिहीत गेले. धर्माचं घर आलं. मी लिहिणार तेवढ्यात ती म्हणाली, "ते सोडा, वन्स."

मी म्हटलं, "अगं, शेजारचं घर आहे. सगळ्या गावाला अक्षत जाणार आणि त्यालाच नाही?"

"ज्याने तुमच्या भावाला पाडलं, त्याच्या दारात माझ्या पोरीची अक्षत जायची नाय. हे वरनं बघत असतील ना?"

मी ते घर सोडून पुढचं लिहिलं. यादी पूर्ण करून घरी आले. 

तुला आठवतं, तू उपसरपंच झालास तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले होते? तिला 'उप' कळलं नव्हतं. सरपंच झाला असंच सांगत सुटली. तू तिला समजावत होतास, "आई, सरपंच तात्या. मी त्यांच्या खालचा." ती म्हणाली, "खालचा म्हंजे पुढचा तूच ना?" तू हसलास. तात्या पण हसले. तेव्हा तात्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवून पहिल्यांदा ते वाक्य म्हटलं, "पुढची टर्म तुझीच, हिराजी."

ते वाक्य तू नऊ वर्षं ऐकलंस.

त्या नऊ वर्षांत कामं कुणी केली? शाळेच्या पत्र्यांसाठी बेलापूरच्या ऑफिसात कोण खेटे घालायचं? सायकलला डबा अडकवून सकाळी जायचास आणि भरलेला डबा तसाच परत आणायचास, कारण साहेब जेवायच्या वेळी भेटतील असं शिपायाने सांगितलेलं असायचं. गावात पाण्याची लाइन आली तेव्हा तुर्भ्याच्या कारखान्यांच्या मागून पाइप कुठून वळवायचा, ते अधिकाऱ्यांना चिखलात उतरून तूच दाखवलंस. नळाचं पाणी सुरू झालं तेव्हा नारळ फोडला तात्यांनी. फोटोत तात्या, आमदार, इंजिनीअर. तू? तू फोटो काढणाऱ्याला पुढे जागा करून देत होतास!

गावातली टवाळ माणसं म्हणायची, "उपसरपंच म्हणजे उपास करणारा सरपंच." तू पण हसायचास त्यांच्यात. मला मात्र राग यायचा. तुझा नाही, त्या हसण्याचा.

तात्यांना दम्याने धरलं तेव्हा तीन महिने सगळा कारभार तुझ्याकडे होता. मी तेव्हा मेंबर झाले होते. बायकांच्या जागेवर तूच माझं नाव घातलं होतंस. मीटिंगला मी बघायचे, तात्यांची खुर्ची रिकामी आणि तू बाजूच्या लाकडी स्टुलावर. ग्रामसेवक म्हणायचे, "हिराजीशेठ, बसा की हो खुर्चीवर, कायद्यानेच तुमचा हक्क आहे." तू म्हणायचास, "बरे होऊन येतील ना ते." दाखल्यांवर सही करताना 'सरपंचांकरिता' असं लिहून खाली स्वतःचं नाव घालायचास. एवढा का भ्यायचास त्या खुर्चीला? की एवढी हवी होती म्हणून हात लावायचा नव्हता?

मग तात्यांनी तब्येतीमुळे राजीनामा दिला. फक्त सरपंचपदाचा, मेंबर राहिले. गावात सगळे म्हणाले, आता हिराजीचा नंबर. आणि नेमका तेव्हाच आमच्या घरातून बाळाराम उभा राहिला.

बाळाराम म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ. माझ्या सासरचा माणूस. त्याने तेव्हा नुकतीच माती-खडीची कामं घ्यायला सुरुवात केली होती, जीप आली होती, शहरातली माणसं त्याच्याकडे चहाला यायची. तात्यांकडे रोज संध्याकाळी जाऊन बसायला लागला. तू गेला नाहीस. "तात्यांनी शब्द दिलाय, परत परत काय विचारायचा?" असं म्हणालास.

मेंबर आम्ही नऊ. तू ओटीवर बसून बोटांवर मोजलंस. आठवतं? मी वहिनीबरोबर सुकट निवडत होते. "मी एक. तात्या दोन. धर्मा तीन. आपला चुलता चार. खालच्या आळीचा नामदेव पाच. आनि सहावी कमळी, ती काय, घरचीच."

ती काय, घरचीच!

दादा, तुझ्यावर रागावायचा मला हक्क नाही, पण एवढं एक बोलू दे. त्या आठवड्यात तू नामदेवकडे दोनदा गेलास. चुलत्याकडे मासळी घेऊन गेलास. धर्माशी तुझं पाइपावरून भांडण झालं होतं, तर त्याला समजवायला मिठागरापर्यंत चालत गेलास. प्रत्येकाला विचारलंस, "माझ्याबरोबर राहशील ना?" माझ्या दारात आला नाहीस. मला एकदाही विचारलं नाहीस. मी दोन वर्षं मेंबर होते, दोन वर्षांत ठरावावर मी तोंड उघडायच्या आधी तू म्हणायचास, "कमळीचं आपल्याबरोबर." मी तुझी धाकटी बहीण होते, लाडकी होते, सगळं होते. पण माझं असं काही मत असेल, हे तुझ्या कधी मनातच आलं नाही.

आणि माझ्या घरात? तिथे मात्र सगळे विचारत होते. सासूबाई, बाळारामची आई, हे. मतदानाच्या दिवशी सकाळी मी साडी नेसत होते, तेव्हा हे दारात येऊन उभे राहिले. "तू आता या घरची सून हाइस गो. माझ्या भावाला पाडून आलीस तर मी कंपनीत, गावात, कुठं तोंड दाखवू?" मी निऱ्या घालत राहिले. सासूबाई अंथरुणावरून म्हणाल्या, "तिला कशाला सांगतस? ती भावाचीच. तिला सोताचा काय हाय?"

माझ्या बाजूने बोलत होत्या त्या! पण ते वाक्य लागलं मला. तू म्हणतोस घरची, त्या म्हणतात भावाची. मग मी कुणाची होते?

पंचायतीच्या हॉलमध्ये तहसीलच्या साहेबांनी विचारलं, "हात वर करून की चिठ्ठीने?" बाळाराम म्हणाला, चिठ्ठीने. चिठ्ठीवर दोन नावं. एकासमोर फुली करायची. मी धर्माच्या शेजारी बाकावर बसले होते. तू समोर, पांढरा शर्ट, वहिनीने इस्त्री करून दिलेला. माझ्याकडे बघून जरासा हसलास. कसा हसलास माहीत आहे? ज्याला पुढचं सगळं ठाऊक आहे, तसा.

मी मोजलं, दादा. तुझी सहा. माझं गेलं तरी पाच. पाचात तू सरपंच. मग माझं एक मत इकडे पडलं काय, तिकडे पडलं काय! घरात सांगता येईल, मी तुमच्या माणसाला दिलं. तू निवडून येशील. कुणाचंच काही बिघडणार नाही. आणि एकदा, एकदाच, कुणाला न विचारता माझा हात मला पाहिजे तिथे जाईल.

मी बाळारामच्या नावापुढे फुली केली.

साहेबांनी चिठ्ठ्या उघडल्या. बाळाराम पाच. हिराजी चार.

तू उठून उभा राहिलास. परत बसलास. मग परत उठलास आणि बाळारामला हार घातलास. तुझा हात हारात अडकला, बाळारामनेच सोडवला. मला ओरडावंसं वाटलं, थांबा, चूक झाली, माझी चिठ्ठी परत द्या! पण मी बसून राहिले. टाळ्या वाजवल्या. वाजवल्या मी, दादा.

एक मत तात्यांचं होतं. त्यांनी संध्याकाळी स्वतःच सांगितलं. "हिराजी, गावाला आता शहराशी बोलनारा मानूस पायजे, राग मानू नको." तू राग मानला नाहीस. मला मात्र तेव्हाच कळलं. नऊ वर्षं ज्याने त्यांची सगळी कामं पाठीवर वाहिली, त्यांची सगळी चुकलेली कागदं ज्याने बघितली, त्याच्या हाताखाली मेंबर म्हणून बसायची तात्यांना लाज वाटत होती. बाळारामला काहीच माहीत नव्हतं. तो रोज विचारायला येणार होता. तात्यांना तेच हवं होतं.

पण मग दुसरं मत कुणाचं?

तू ओटीवर बसून परत बोटं मोजलीस. चुलता रडत होता. नामदेवाने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. मी भिंतीला टेकून उभी होते. तू माझ्या बोटाशी थांबला पण नाहीस. सरळ पुढे गेलास. "धर्मा," तू म्हणालास. "पाइपाचा राग काढला त्याने."

तेव्हा बोलायला हवं होतं. एक शब्द. मी पाणी आणायला आत गेले.

धर्मा दुसऱ्या दिवशी आला तेव्हा तू त्याला अंगणात उभं ठेवलंस. जो माणूस लहानपणापासून आपल्या चुलीपर्यंत यायचा, तो अंगणात! तो एवढंच म्हणाला, "मी तुलाच दिला, हिराजी." तू म्हणालास, "मग तात्यांच्या बरोबर भूत आला व्हता काय मत द्यायला?" तो माझ्याकडे बघून निघून गेला. मला वाटलं सहज बघितलं.

मग तू तीच स्टुलाची जागा घेतलीस. उपसरपंच राहिलासच ना तू! आता खुर्चीवर बाळाराम. मी तुला म्हटलं, सोडून दे. तू म्हणालास, "गटाराचा काम अर्धा हाय." बाळाराम कागद न वाचता सही करायचा, तू त्याला बोट ठेवून वाचून दाखवायचास. त्याचं नाव ऑफिसातल्या बोर्डावर रंगवलं, तात्यांच्या खाली. रंगाऱ्याला स्पेलिंग तूच सांगितलंस. बोर्डावर फक्त सरपंचांची नावं लागतात, उपसरपंचांना जागा नसते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

आणि दोन वर्षंसुद्धा गेली नाहीत, तर सगळंच बुडालं. महापालिका झाली. आपलं गाव शहरात गेलं, पंचायत संपली. बाळाराम शेवटचा सरपंच आणि तू शेवटचा उपसरपंच. जी खुर्ची तुला मिळाली नाही, ती पालिकेच्या माणसांनी टेम्पोत घालून नेली. तू दप्तराच्या याद्या करून दिल्यास. संध्याकाळी माझ्याकडे चहाला आलास. "बरा झाला, कमळे," म्हणालास, "सरपंच झालो असतो तर आज माझ्या हातानं गाव दिला असता." मी तुझं ऐकून हसले. तुझ्या बशीतला चहा सांडला होता आणि तू पुसत होतास, पुसतच राहिलास.

तरी तुझा एक रस्ता होता. पालिकेची पहिली निवडणूक आली तेव्हा दोन पक्षांची माणसं तुझ्याकडे आली होती. सेक्टरमधल्या बिल्डिंगवाल्यांनासुद्धा तू माहीत होतास, त्यांच्या पाण्याच्या तक्रारी तूच घेऊन जायचास ना! "दादा, तुम्ही नगरसेवक होणार म्हणजे होणार," ते सांगत होते. मी आत होते. देवाला हात जोडले, म्हटलं घे रे, हो म्हण, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरू दे.

तू त्यांना म्हणालास, "नऊ मानसांत माझा मानूस मला कळला नाय. हजारांत काय कळनार?"

ते गेले. तू परत कधी उभा राहिला नाहीस. हे माझ्यामुळे, दादा. खुर्ची तात्यांनी घालवली असती कदाचित, बाळारामने घालवली असती, पालिकेने तर घालवलीच. पण तुझा माणसांवरचा भरवसा मी घालवला. आणि त्यात कहर असा, की एका माणसावर तो राहिला!

भाऊबीजेला मी ओवाळत होते. तू ताटात साडी ठेवलीस, हिरवी, आणि म्हणालास, "सगळे फिरले, तू तेवढी फिरली नाहीस." माझ्या हातातलं ताट कलंडलं. तू म्हणालास, "सांभाळ गो." ती साडी मी एकदा नेसले. तू बघावीस म्हणून. परत नाही.

आता ती दवाखान्यातली गोष्ट. ती लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

वाशीला तुला ठेवलं होतं. छातीचं दुखणं दुसऱ्यांदा उठलं होतं. तू झोपला होतास, वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. धर्मा आला. दोन शहाळी पिशवीत. चप्पल दाराबाहेर काढून उभा राहिला. आदल्याच दिवशी तू म्हणाला होतास, "तो आला तर बाहेरूनच पाठव." मी दारात गेले आणि त्याला म्हटलं, "त्याला त्रास होईल, तुम्ही जा."

मी म्हटलं, दादा! मी!

धर्मा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरा हाय ना?" मी मान हलवली. त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि गेला. तू उठलास, शहाळ्याचं पाणी प्यालास, विचारलंस कुणी आणलं. मी म्हटलं, मी. ते तू शेवटचं चवीने प्यालेलं पाणी. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

परवा यादी लिहून आल्यावर हे सगळं डोळ्यांसमोर आलं. काल दुपारी मी धर्माकडे गेले. तो आता खाडीकडच्या सेक्टरमध्ये एका सोसायटीत वॉचमन आहे. ती बिल्डिंग त्याच्याच शेताच्या जागेवर आहे, हे तिथल्या कुणाला माहीत नाही. गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. वरून एक बाई ओरडत होती, "मामा, टँकर आला का?" तो म्हणाला, "येतो, मॅडम, येतो." मला बघून उठला. खुर्ची मला दिली.

मी उभीच राहिले. म्हटलं, "धर्मादादा, ते मत माझं होतं."

तो म्हणाला, "मला म्हायती हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुझ्या बाजूलाच बसलेलो ना. तुझा हात थरथरत व्हता. सख्ख्या भावाला मत देताना कोनाचा हात थरथरतो?"

"मग बोलला का नाहीत? एवढी वर्षं?"

"कोनाला बोलू? हिराजीला?" तो गेटाच्या कडीशी चाळा करत होता. "मी फिरलो असा वाटला तर त्याला राग येनार व्हता. रागात मानूस उभा ऱ्हातो. तू फिरलीस हा कळला असता तर तो बसलाच असता."

मी रडायला लागले. तो म्हणाला, "रडू नको, बिल्डिंगमधली लोकं बघतात." मी विचारलं, "दवाखान्यात मी तुम्हाला परत पाठवलं, तेव्हा पण काही बोलला नाहीत." तो म्हणाला, "तवा वाटलेला बोलावा. तवाच वाटलेला."

मी म्हटलं, उद्या वहिनीला सांगते. तो एकदम कडक झाला. "काय गरज नाय. तो गेला. माझा आता काय बिघडतंय? एका लग्नात जेवलो नाय तर मरतो काय मी?" मग दुसरीकडे बघत म्हणाला, "वनी बारीक व्हती तवा खांद्यावर घेऊन खाडीवर नेयाचो. बगळे दाखवाया."

दादा, त्या वाक्यानंतर मी गप्प कशी बसणार होते?

आज सकाळी गेले. वहिनी हळकुंडं निवडत होती. मी समोर बसले आणि सांगितलं. सगळं. ह्यांचं दारात उभं राहणं नाही सांगितलं, सासूबाईंचं बोलणं नाही सांगितलं. फुली माझ्या हाताने झाली, तेवढंच सांगितलं.

तिचे हात थांबले. तिने विचारलं, "तुमाला कोनी करायला लावलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

मग म्हणाली, "सात-आठ वर्सं मी धर्माच्या बायकोशी बोलली नाय. नळावर माझी कळशी भरली की तिची सरकवायची. तिचा बाप मेला तवा गेली नाय." ती हळकुंडांकडे बघूनच बोलत होती. "आनि तुमी दर दिवाळीला माझ्या नवऱ्याला ओवाळत व्हता."

मी मान खाली घातली.

ती उठली. पदर खोचला, ताटात अक्षता घेतल्या, कुंकू घेतलं आणि एकटीच निघाली. धर्माच्या घरी. मी खिडकीतून बघितलं, त्याची बायको दारात आली, वहिनी उंबऱ्याबाहेरच उभी राहून काहीतरी बोलली, आणि मग दोघी आत गेल्या. पाऊण तासाने बाहेर आल्या. दोघींचे डोळे सुजलेले.

घरी येऊन वहिनी मला म्हणाली, "लग्नाला या. वनिता तुमची भाची हाय, तिचा काय दोष नाय. पन हळदीला तुमी हात लावू नका. आत्याची हळद धर्माची बायको लावील."

बरोबर केलं तिने. तुझी बायको खरंच तुझ्यासारखी आहे, घरातून घालवत नाही, फक्त जागा दाखवते. मी हो म्हटलं आणि निघाले. वनिता दारापर्यंत सोडायला आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिने मला मिठी मारली नाही, रागाने पण बघितलं नाही. नुसतं विचारलं, "आत्या, बाबांना कधी कळलं होतं का?"

दादा, तूच सांग ना. तू बोटं मोजताना माझ्यावरून सरळ पुढे गेलास, ते माझ्यावरच्या भरवशाने? की तिथे थांबायची तुला भीती वाटली? "तू तेवढी फिरली नाहीस" म्हणालास तेव्हा तू मला विचारत होतास का? एकदा तरी नीट विचारायचंस रे. मी खोटं बोलले नसते. निदान मला असं वाटतं.

तुझी फार आठवण येते. गावात कुणाचंही काम अडलं की अजून लोक तुझं नाव काढतात, "हिराजी असता तर." सरपंच कोण होता ते पोरांना आठवत नाही. ते ऐकलं की मला वाटतं तुला सांगायला धावत यावं. कुठे येऊ?

माफी मागत नाही. ती देणारा तू होतास आणि तुला मी वेळेवर विचारलं नाही. एवढं कबूल करते. लग्नात तुझ्या मांडवात मी मागच्या रांगेत बसेन, पण धर्माला पुढे बसवेन. आणि आजपासून या गावात, नळावर, देवळात, बसस्टॉपवर, कुणीही म्हणालं की हिराजीला धर्माने पाडलं, तर मी तिथल्या तिथे त्याला थांबवीन आणि सांगेन की धर्माने नाही, मी, त्याच्या बहिणीने. ह्यांच्यासमोर सांगेन, बाळारामच्या समोर सांगेन. कुणाची घरची म्हणून नाही. माझं म्हणून.

तुझी,
कमळी